मृत्यूचा दुसरा हात

टेरी प्रॅचेट या इंग्लिश कादंबरीकाराला अधूनमधून काही वेगळी पत्रं येत. लिहिणाऱ्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेलेला असे. त्यांची इच्छा एवढीच असे, की शेवटी न्यायला येणारा मृत्यू तुमच्या पुस्तकांतल्या मृत्यूसारखा असावा. अशी पत्रं आली की आपण बराच वेळ भिंतीकडे बघत बसतो, असं प्रॅचेटने लिहून ठेवलं आहे.

प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या अद्भुत जगातला हा मृत्यू दिसायला जराही प्रेमळ नाही. काळा झगा, आत नुसता हाडांचा सापळा, डोळ्यांच्या खोबणीत निळा उजेड, हातात लांब दांड्याचा विळा. तरीही मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांना तोच यावासा वाटला. याचं कारण शोधायचं तर त्याचं कूळ धुंडाळावं लागतं. त्याच्या एका हातातला विळा सर्वांच्या ओळखीचा आहे. ही कथा त्याच्या दुसऱ्या, मोकळ्या हाताची आहे.

युरोपातल्या मृत्यूचं एक फार जुनं रूप होमरच्या ‘इलियड’मध्ये भेटतं, आणि तिथे त्याच्याजवळ विळा नाही. झ्यूसचा मुलगा सार्पेदोन रणात पडतो. देवांचा राजा असूनही बाप त्याला वाचवत नाही. मग तो झोप आणि मृत्यू या जुळ्या भावांना, हिप्नोस आणि थॅनाटोसला पाठवतो, आणि ते सार्पेदोनचा देह उचलून त्याच्या मायभूमीला पोचवतात. इसवी सनापूर्वी 515च्या सुमारास युफ्रोनिओस नावाच्या चित्रकाराने हा प्रसंग द्राक्षारस कालवायच्या एका मोठ्या भांड्यावर रंगवला. ते भांडं बरीच वर्षं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात होतं. 2008 साली ते इटलीला परत गेलं. त्यावरचे दोघे भाऊ पंख असलेले, धडधाकट योद्धे आहेत. जखमी देहाखाली हात घालून ते त्याला वाकून उचलताहेत. मृत्यूचे दोन्ही हात इथे मोकळे होते.

विळा आला तो एका नामसाधर्म्यातून. ग्रीकांचा क्रोनोस हा हातात विळा असलेला प्राचीन देव, आणि त्यांच्याच भाषेत काळासाठी जवळजवळ तसाच उच्चार असलेला शब्द होता. पुढे दोघांची सरमिसळ झाली. काळ म्हणजे पंख असलेला म्हातारा, एका हातात विळा, दुसऱ्यात वाळूचं घड्याळ, असं चित्र युरोपात रूढ झालं. मृत्यूही तीच आयुधं वागवू लागला. मराठी माणसाला हे फोड करून सांगायला नको. आपल्याकडे काळ हा एकच शब्द घड्याळालाही चालतो आणि घाला घालणाऱ्यालाही. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असं आपण म्हणतो, तेव्हा विळा आणि वाळूचं घड्याळ एकाच वाक्यात येतात. फरक आहे तो अवजाराचा. आपला विळा एका मुठीत धरून, बसून चालवायचा. युरोपातला शेतकरी उभ्याने, दोन्ही हातांनी लांब दांडा फिरवतो आणि एका फेऱ्यात उभ्या पिकाचा पट्टाच्या पट्टा आडवा करतो.

1347 ते 1351 या काळात युरोपने माणसांचं पीक असंच आडवं होताना पाहिलं. प्लेगच्या त्या साथीत किमान एक तृतीयांश लोक गेले, असं मानलं जातं. पुढच्या शतकात मृत्यूचा सापळा सर्वत्र दिसू लागला. पॅरिसच्या ‘सेंट्स-इनोसंट्स’ दफनभूमीच्या भिंतीवर 1424-25मध्ये एक लांबलचक चित्रमाला रंगवली गेली. पोप, सम्राट, व्यापारी, शेतकरी, तान्हं मूल अशा प्रत्येकाशेजारी एकेक प्रेत नाचतं आहे आणि त्याला ओढून नेत आहे. ती भिंत 1669 साली पाडली गेली, पण या ‘मृत्यूच्या नाचा’च्या नकला युरोपभर पसरल्या होत्या. मृत्यूने माणसाला हाताला धरून नेण्याचं चित्र इथे पक्कं झालं. अजून ती पकड होती, आधार नव्हता.

आधाराची गरज मात्र त्याच काळात कोणाच्या तरी लक्षात आली होती. साथीत धर्मगुरूही मेले होते. आजाऱ्याच्या उशाशी शेवटचे शब्द बोलायला माणूस मिळत नव्हता. 1415च्या सुमारास ‘आर्स मोरिएन्डी’, म्हणजे मरणाची कला, नावाचं लॅटिन पुस्तक तयार झालं. पुढे त्याची छोटी आवृत्ती निघाली, लाकडी ठशांवरून छापलेल्या अकरा चित्रांची. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही चित्रं पाहून कळावं, की शेवटच्या घटकेला निराशा, अधीरता, मालमत्तेचा मोह असं काय काय माणसाला घेरतं. शेजारी बसलेल्याने काय विचारावं, कोणती प्रार्थना म्हणावी, हे पुस्तकात सांगितलं होतं. मरणाऱ्याला एकटं सोडू नये, हे त्या पुस्तकाचं मूळ सूत्र होतं.

या दोन धाग्यांची गाठ लोककथेने मारली. ग्रिम बंधूंच्या 1812च्या संग्रहात ‘मृत्यू धर्मपिता’ ही कथा आहे. तेरावं मूल झालेला गरीब बाप त्याच्यासाठी धर्मपिता शोधायला निघतो. देव भेटतो, त्याला तो नाकारतो, कारण देव श्रीमंताला देतो आणि गरिबाला उपाशी ठेवतो. सैतानालाही नाकारतो. मृत्यूला मात्र तो हो म्हणतो, कारण मृत्यू सगळ्यांना सारखंच वागवतो. मृत्यू आपल्या धर्मपुत्राला वैद्य करतो. मृत्यू आजाऱ्याच्या उशाशी दिसला तर औषध द्यायचं, पायथ्याशी दिसला तर हात जोडायचे. आधी राजासाठी आणि नंतर राजकन्येसाठी धर्मपुत्र रोग्याला उलटं फिरवून निजवतो आणि मृत्यूला फसवतो. मग मृत्यू त्याला एका गुहेत नेऊन असंख्य मेणबत्त्या दाखवतो, एकेक मेणबत्ती म्हणजे एकेक आयुष्य. भिंतीवरचा ओढून नेणारा सापळा इथे नात्यातला झाला.

जर्मनीतल्या विचारवंतांनी त्याच्याकडे थोडं आधीच नव्याने पाहायला सुरुवात केली होती. 1769 साली लेसिंगने एक निबंध लिहून दाखवून दिलं, की प्राचीन ग्रीक-रोमनांचा मृत्यू हा सापळा नव्हता, तो झोपेचा जुळा भाऊ होता, मशाल खाली केलेला. काही वर्षांतच मात्थिआस क्लाउडियस या कवीने एक लहानशी संवादकविता लिहिली. घाबरलेली तरुणी मृत्यूला निघून जायला सांगते. मृत्यू तिच्याकडे तिचा हात मागतो आणि आपण मित्र असल्याचं सांगतो. संगीतकार शूबर्टने 1817मध्ये त्या कवितेला चाल लावली. पॅरिसच्या भिंतीवर जो हात धरून ओढत होता, तो इथे हात मागू लागला.

अद्भुतकथेत हा मित्र आला तो आजाऱ्याच्या खोलीतून. स्कॉटिश लेखक जॉर्ज मॅकडोनाल्ड आठ वर्षांचा असताना त्याची आई क्षयाने गेली. त्याची स्वतःची फुप्फुसंही कायम दुखणाईत होती. 1871 साली त्याची ‘ॲट द बॅक ऑफ द नॉर्थ विंड’ ही कादंबरी पुस्तकरूपात आली. डायमंड नावाच्या गाडीवानाच्या मुलाला रात्री उत्तरवारा भेटतो, लांब केसांच्या बाईच्या रूपात. ती त्याला केसांत घरटं करून देते आणि शहरावरून नेते. हीच बाई जहाजही बुडवते, आणि मॅकडोनाल्ड ते मुलापासून लपवत नाही. शेवटी डायमंड तिच्यामागच्या देशात निघून जातो. मरण गोड असतं असं इथे कोणी म्हणत नाही. मूल वाऱ्यात एकटं नाही, एवढं मात्र वाचकाला कळतं.

प्रॅचेटचा मृत्यू जन्मला तेव्हा असा नव्हता. 1983च्या पहिल्या ‘डिस्कवर्ल्ड’ कादंबरीत तो चिडका आणि खुनशी आहे. 1987च्या ‘मॉर्ट’मध्ये तो एका शेतकऱ्याच्या मुलाला हाताखाली घेतो. तो पोरगा मरण ठरलेल्या राजकन्येला वाचवतो आणि सगळं बिघडतं. ग्रिम बंधूंच्या वैद्याशी त्याचं नातं उघड आहे. गुहेतल्या मेणबत्त्यांच्या जागी इथे प्रत्येकाच्या नावाची वाळूची घड्याळं आहेत. 1991च्या ‘रीपर मॅन’मध्ये मृत्यूची नोकरीच जाते. तो एका वयस्क बाईंच्या शेतावर मजूर म्हणून राहतो, आणि लांब विळ्याने गवत कापताना एका वेळी एकच पातं कापतो. प्लेगच्या काळात ज्या अवजाराने पट्टाच्या पट्टा आडवा केला होता, ते इथे प्रत्येक पात्याला वेगळं ओळखतं.

या मृत्यूला मांजरं आवडतात, झणझणीत रस्सा आवडतो. त्याचं बोलणं इंग्लिश पुस्तकात मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत, अवतरणचिन्हांशिवाय छापलेलं असतं, जणू आवाज कानावर न पडता थेट डोक्यात उमटतो. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. मराठीत त्याला बोलतं करणाऱ्याला तो भारदस्तपणा शब्दांच्या निवडीतूनच आणावा लागेल.

2007 साली प्रॅचेटला अल्झायमरचा एक विरळा प्रकार झाल्याचं निदान झालं. 2010मध्ये त्याने बीबीसीसाठी व्याख्यान तयार केलं. वाचन अवघड झाल्याने ते त्याच्या वतीने अभिनेता टोनी रॉबिन्सनने वाचलं. व्याख्यानाचं नाव होतं ‘मृत्यूशी हस्तांदोलन’. शेवटच्या कादंबरीत त्याची म्हातारी चेटकीण, ग्रॅनी वेदरवॅक्स, आपली वेळ कळल्यावर घर झाडून-पुसून स्वच्छ करते, स्वतःसाठी वेताची पेटी विणते आणि पडून राहते. मृत्यू येतो तो आदराने. 12 मार्च 2015 रोजी, वयाच्या 66व्या वर्षी प्रॅचेट गेला. त्याच्या ट्विटर खात्यावरून आलेल्या संदेशांत, त्याच मोठ्या अक्षरांत, मृत्यूने त्याला आता बरोबर चालू या म्हटलं. टेरीने मृत्यूचा हात धरला आणि दोघे दारांतून पलीकडच्या काळ्या वाळवंटात गेले.

हे कूळ युरोपातलं. आपल्याकडच्या महाभारतात मृत्यूचं वेगळंच कूळ आहे. शांतिपर्वात मृत्यू ही स्त्री आहे. ब्रह्मदेव तिला प्राण्यांचा संहार करायला सांगतो, तेव्हा ती रडते, मला हे जमणार नाही म्हणते. ब्रह्मदेव तिचे अश्रू ओंजळीत झेलतो आणि पुढे त्या अश्रूंचे रोग होतात. युद्धात मुलगा गमावलेल्या राजाला नारद ही कथा सांगतात. मरण टळणार नाही हे दोन्हीकडे कबूल आहे, आणि नेणाऱ्याला आपलं दुःख कळतं हेही.

प्रॅचेटला पत्र लिहिणाऱ्यांची इच्छा आता नीट समजते. त्यांनी आयुष्य वाढवून मागितलं नव्हतं, स्वर्गाचा पत्ताही विचारला नव्हता. जो येईल त्याने नावाने ओळखावं, घाई करू नये आणि बरोबर चालावं, एवढंच त्यांना हवं होतं. मृत्यूच्या हातून विळा सुटणार नाही. दुसरा हात कसा असावा, हे मात्र माणसांनी अडीच हजार वर्षं चित्रांतून, कवितांतून आणि कथांतून शिकवत आणलं आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण त्याचा हात हातात घेतो, तेव्हा तोच धडा पुढे चालवत असतो.