बैलाची वाट, गाडीची वाट

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी माझी जुनी थार पोलादपूरहून किनेश्वरला नेली आणि गावापुढे पार घाटाच्या जुन्या वाटेला घातली. मित्र मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. पहिला चढ निघाला. दुसऱ्यावर मागचं चाक जागच्या जागी फिरत राहिलं आणि मातीत रुतलं. लाकडाची मोळी घेऊन उतरणारे एक आजोबा थांबले. "बाळा, ही वाट बैलांची हाय. गाडीचा रस्ता तिकडं," असं म्हणत त्यांनी आंबेनळी घाटाकडे हात केला. आम्ही हसलो. पुढे या घाटांबद्दल वाचायला लागलो, तेव्हा आजोबांचं म्हणणं किती नेमकं होतं ते कळलं.

महाड हे सावित्रीकाठचं जुनं बंदर. भरतीच्या पाण्यावर होड्या माल घेऊन आत यायच्या. पण माल देशावर न्यायचा, तर समोर सह्याद्रीची भिंत. ती चढायला वरंध, मढे, शेवत्या, ढवळे, पार अशा कितीतरी घाटवाटा होत्या. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचे. धान्य, गूळ खाली यायचा. हे सगळं बैलांच्या पाठीवर. एका बैलावर साधारण शंभर किलो ओझं. बैल खूर टेकायला दगड शोधतो, अरुंद वळणावर अंग चोरून निघतो. म्हणून या वाटा अरुंद आणि उभ्या चढाच्या. १६५९ मध्ये अफझलखानाची छावणी पडली ती याच घाटाच्या माथ्यावरच्या पार गावात. तिथला शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आजही उभा आहे.

इंग्रजांनी महाबळेश्वर वसवल्यावर मुंबईचे साहेब समुद्रातून बाणकोटला, तिथून सावित्रीतून महाडच्या बाजूला आणि पुढे पालखीत बसून पार घाटाने वर जायचे. पण त्यांना चाकांचा रस्ता हवा होता.  १८७० च्या दशकात त्यांनी आंबेनळीतून सगळा रस्ताच नव्याने आखला आणि मुंबईचे गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांचं नाव त्याला दिलं. चढ कमी राहावा म्हणून वळणांमागून वळणं घेतली, डोंगराच्या अंगाला गटारं खणली, रस्त्याखालून मोऱ्या काढल्या. कारण चाकामागे चाकोरी पडते आणि चाकोरीत पाणी धावतं. त्या पाण्याची सोय केली तरच रस्ता टिकतो. नवा घाट सुरू झाला आणि पार घाट ओस पडत गेला. चाकांची वर्दळ नव्या घाटाने गेली, म्हणूनच तो वाचला.

मग जीप आली. रस्ताच नसेल तिथेही जावं म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बनवलेली गाडी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. आपल्याकडच्या दुर्गम वाड्यांमधले कितीतरी आजारी, बाळंतिणी, वऱ्हाडं जीपमधूनच खाली आली. २०१० मध्ये थार आली, २०२० मध्ये नवी थार. गरजेची गाडी हौसेची झाली. हौस वाईट नाही, मलाही आहे. पण दीड टनाहून जड गाडीचं फिरतं चाक दगड उखडतं आणि गवताची मुळं सोलून काढतं.

आमच्या भागात हे किती महागात पडू शकतं? २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. आंबेनळी घाटही जागोजागी खचला. त्या दरडी कुणाच्या गाडीमुळे कोसळल्या नाहीत. पण एवढा पाऊस झेलणाऱ्या डोंगरावर आपण पाण्याला नवी वाट खणून देऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मी पायी वर गेलो. माझं चाक जिथे फिरलं होतं, तिथे गुडघाभर खोल घळ पडली होती. पावसाने तिथली माती खालच्या वाफ्यात नेऊन टाकली होती. व्हिडिओला लाइक बरेच आले होते. तो मी काढून टाकला.

आता गाडी काढतो ती मातीच्या, पण गाडीसाठीच केलेल्या रस्त्यांवर, गावात विचारून. राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणं हा गुन्हा आहे, हेही आता माहीत आहे. दोन रविवार आम्ही चौघांनी त्या घळीत आडवे दगड रचले. दुसऱ्या रविवारी तेच आजोबा भेटले. थोडा वेळ बघत उभे राहिले.

"गाडी कुठं हाय?"

"खाली गावात ठेवलीय, आजोबा."

त्यांनी मोळी खाली टेकवली आणि एक दगड उचलून माझ्या हातात दिला.