जुन्या जीपचे मागचे कमान पाटे : कसे ओळखायचे, कोणते घ्यायचे?

वर्धा : जिल्ह्यातल्या गावागावांत आजही जुन्या जीपा उभ्या दिसतात. कोणाची वडिलांच्या काळातली सीजे थ्रीबी, कोणाची एमएम ५४०, कोणाची कमांडर. एकेकाळी आर्वी, देवळी, समुद्रपूरकडच्या कितीतरी गावांची लग्नं, दवाखाने आणि बाजार याच गाड्यांनी केले. आता काहीजण त्या हौसेनं पुन्हा उभ्या करताहेत, काहीजण शेतीच्या कामाला वापरताहेत. गाडी सुरू झाली, रंग झाला, पण मागून बसलेलीच राहिली, अशी तक्रार नेहमीची. मग दुकानात जाऊन "जीपचे मागचे पाटे द्या" म्हटलं की घोळ सुरू होतो. कारण नाव जीप एकच असलं तरी पाटे एकसारखे नसतात.

घोळ का होतो?

महिंद्रानं १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे थ्रीबी आली. तिच्या दोन चाकांमधलं अंतर ८० इंच. नंतरच्या एमएम ५४० मध्ये ते ९१ इंच झालं. कमांडर तर आणखी लांब, मागे समोरासमोर बाकं टाकून माणसं बसवायची गाडी. गाडीची लांबी, वजन आणि काम बदललं तसे पाटेही बदलले. त्यात तीस-चाळीस वर्षांत गाडी चार मालकांच्या हातून गेलेली असते. एकानं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं, दुसऱ्यानं भाडे मारायला दोन पाटे वाढवले, तिसऱ्यानं भंगारातून दुसऱ्याच गाडीचा संच आणून लावला. म्हणून आरसी बुकावर मॉडेल काय लिहिलंय एवढ्यावर भागत नाही. गाडीखाली जाऊन मोजावंच लागते.

नव्या गाड्यांचंही थोडं लक्षात असू द्या. २०१० सालच्या थारला मागे पाटेच होते, २०२० च्या थारला मात्र चारही चाकांना गोल स्प्रिंग आली. बोलेरोच्या मागे पाटेच आहेत. पण बोलेरोचा किंवा पिकअपचा संच जुन्या जीपला "बसवून देतो" म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका. रुंदी, डोळ्याचं भोक आणि सेंटर बोल्टची जागा जुळली तरच तो बसतो. नाहीतर वेल्डिंगचे जुगाड सुरू होतात.

पाटे गेले हे कसं ओळखायचं?

गाडी सपाट जागी रिकामी उभी करा. चाकाच्या हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा, दोन्ही बाजूंनी. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमी-जास्त असली तर माप चुकते. दोन्ही बाजूंत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर एक बाजू बसली आहे किंवा पाटा तुटला आहे.

मग गाडीखाली बघा :

- मेन पाटा (सगळ्यात लांब, ज्याला दोन्ही टोकांना डोळे असतात) डोळ्याजवळ आणि सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तडकतो. हीच दोन ठिकाणं आधी बघा.
- दोन पाट्यांच्या मध्ये ताजा लालसर गंज झिरपलेला दिसला तर आत पाटा तुटलेला असू शकतो.
- यू बोल्ट ढिले झाले की सगळा ताण सेंटर बोल्टवर येतो. तो कापला गेला की अॅक्सल मागे सरकतो आणि गाडी कुत्र्यासारखी तिरकी चालते. पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून अॅक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. फरक आला तर त्या दिवशी गाडी रस्त्यावर काढू नका.
- भरलेल्या गाडीत शॅकल एकदम आडवी झाली किंवा उलटी फिरली तर पाटा चुकीच्या लांबीचा आहे, नाहीतर पार सपाट झाला आहे.

केसासारखी चीर डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी जुन्या मिस्त्रींची पद्धत आजही कामाची आहे. पाटा साफ करून त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावायचं, थोड्या वेळानं कोरडं पुसायचं आणि वरून खडूची भुकटी चोळायची. चीर असेल तर आत गेलेलं तेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. भंगारातला पाटा घेताना ही तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोणती मापं घ्यायची?

१. लांबी : एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत, टेप पाट्याच्या बाकावरून नेऊन. दुकानदार बहुतेक सरळ केलेल्या पाट्याची लांबी धरतात, म्हणून माप कसं घेतलं तेही सांगा.

२. सेंटर बोल्टची जागा : पुढच्या डोळ्यापासून सेंटर बोल्ट किती आणि मागच्या डोळ्यापासून किती. बऱ्याच गाड्यांत तो बरोबर मध्ये नसतो. इथं दोन सेंटीमीटर चुकलं तर अॅक्सल तेवढाच सरकतो आणि प्रोपेलर शाफ्ट ओढला किंवा दाबला जातो.

३. रुंदी : जुन्या विलीज घराण्यातल्या जीपांना पावणेदोन इंच, म्हणजे साधारण ४५ मिमी रुंदीचे पाटे येत. रुंदी ५० किंवा ६० मिमी निघाली तर आधी कोणीतरी बदल केला आहे असं समजा आणि हँगर, शॅकलही तपासा.

४. जाडी : प्रत्येक पाट्याची वेगळी, व्हर्निअरनं. सगळे सारख्या जाडीचे असतीलच असं नाही. गंजानं खाल्लेल्या जागी माप घेऊ नका.

५. पाट्यांची संख्या : खालचा जाड, सरळ पाटा हेल्पर असेल तर तो वेगळा लिहा. हेल्पर रिकाम्या गाडीत मोकळा असतो, वजन आल्यावरच टेकतो.

६. डोळा आणि बुश : डोळ्याचं आतलं माप, बुश रबरी आहे की पितळी, पिनची जाडी.

७. कमानीची उंची : पाटा बाहेर काढल्यावर दोन्ही डोळ्यांच्या मध्यातून सुतळी ताणा आणि सुतळीपासून मेन पाट्यापर्यंतचं मधलं अंतर मोजा.

पाटे हौसिंगच्या वर बसतात की खाली, हेही लिहून ठेवा. त्यावरून सेंटर बोल्टचं डोकं कोणत्या बाजूला हवं ते ठरते. हे डोकं हौसिंगच्या बैठकीच्या भोकात घट्ट बसलं पाहिजे.

जाडीचा हिशेब समजून घ्या

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. पाट्याचा कडकपणा जाडीच्या तीन पटीनं नाही, तर जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी असा वाढतो. म्हणजे ७ मिमीच्या जागी ८ मिमीचे पाटे टाकले तर दिसायला एक मिमीचा फरक, पण संच जवळपास दीडपट कडक होतो. ६ च्या जागी ८ टाकले तर सव्वादोन पटीहून जास्त. उलट ७ मिमीचे पाटे गंजून, घासून साडेसहा झाले तर पाचवा हिस्सा ताकद गेली.

त्यामानानं सात पाट्यांच्या संचात तसाच आणखी एक टाकला तर कडकपणा फार तर सातवा हिस्सा वाढतो. लांबीचं गणित उलटं आहे. पाटा दहा टक्के लांब घेतला तर तो सुमारे पंचवीस टक्के नरम होतो. म्हणून "थोडा लांब आहे, चालून जाईल" हे चालत नाही.

आपला आताचा संच किती कडक आहे हे घरीही काढता येते. डीएपीची किंवा सिमेंटची ५० किलोची दहा पोती मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर ठेवा. हबपासूनची उंची आधी आणि नंतर मोजा. समजा दोन्ही बाजू ५ सेंमी खाली बसल्या. प्रत्येक बाजूवर २५० किलो आले, म्हणजे एका सेंटीमीटरला ५० किलो. युरियाची पोती वापरली तर ती ४५ किलोची असते, हिशेब त्याप्रमाणे करा.

कोणता संच निवडायचा?

गाडी घरच्या माणसांसाठी, सणावाराला काढायची असेल तर कंपनीच्या मूळ मापाचाच संच घ्या. रिकाम्या गाडीला जाड पाटे टाकले की ती पांदण रस्त्यावर उड्या मारते, मागचं चाक जमीन सोडते आणि ब्रेक मारला की मागचा भाग घसरतो. पाठीची वाट लागते ती वेगळीच.

शेतात कधी खत, कधी कापूस नेणं होत असेल तर मूळ संच ठेवून खाली हेल्पर टाकणं बरं. रिकामी असताना गाडी नरम राहते, वजनाला आधार मिळतो.

मात्र पाटे वाढवले म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. अॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक जुनेच असतात. बसलेली गाडी निदान "वजन जास्त झालं" असं सांगते. पाटे वाढवल्यावर ती सांगणंच बंद करते आणि उतारावर ब्रेक लागत नाही तेव्हा कळते. मागे माणसं बसवणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. कायद्यानंही जास्त वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये आहेत. आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल करायला कलम ५२ ची मनाई आहे.

कमान मारायची की नवे घ्यायचे?

पाटे नुसते बसले असतील, तडकले नसतील, तर कमान मारून घेता येते. पण थंड पाट्यावर घण मारून आणलेली कमान फार दिवस टिकत नाही, माल भरला की पुन्हा बसते. खरी पद्धत म्हणजे पाटा भट्टीत लाल तापवणं, आकार देणं, तेलात बुडवणं आणि नंतर कमी आचेवर पुन्हा तापवून पाणी उतरवणं. शेवटची पायरी चुकवली तर पाटा काचेसारखा तुटतो. कामाला देण्याआधी ही सोय आहे का ते विचारा.

तुटलेला पाटा वेल्डिंग करून कधीच लावू नका. वेल्डिंगच्या आचेनं स्प्रिंगच्या पोलादाचा कस जातो आणि तो जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटतो. मेन पाटा तडकला असेल तर नवाच घ्या. संच नेहमी दोन्ही बाजूंचा सोबत बदला. एक बाजू नवी, एक जुनी ठेवली की गाडी एकीकडे झुकते.

बसवताना

- गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. चेसीखाली मजबूत घोडी लावा.
- सेंटर बोल्ट खोलताना संच शिकंजात धरा, पाटे उसळून हाताला लागतात.
- यू बोल्ट नवेच टाका. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही.
- रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळा. लटकत्या गाडीत आवळले तर रबर पिळून लवकर फाटते.
- दीड-दोनशे किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळा, पाचशेनंतर परत एकदा.
- पावसाळ्यात काळी माती पाट्यांच्या मध्ये जाऊन बसते, ओल धरते आणि पाटा खाते. पावसाळा संपला की कापूस वाहतुकीच्या आधी पाटे पाण्यानं धुऊन, वाळवून बघून घ्या. पिनला ग्रीस निप्पल असेल तर ग्रीस मारा.

दुकानात नेण्याची चिठ्ठी

गाडीचं मॉडेल आणि साल, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत लांबी, पुढचा डोळा ते सेंटर बोल्ट, रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, संख्या, हेल्पर आहे की नाही, डोळा व पिनचं माप, कमानीची उंची, पाटे हौसिंगच्या वर की खाली आणि गाडी कशासाठी वापरता. एवढं लिहून नेलं, शक्य झालं तर जुना मेन पाटाच सोबत नेला, तर वर्ध्याला किंवा नागपूरला दुसरा फेरा मारावा लागत नाही.