स्वतंत्र कंत्राटदार आणि कामगार-भरपाईचे दायित्व

कामावर जखमी झालेल्या कामगाराला, अथवा तो दगावल्यास त्याच्या आश्रितांना, भरपाई कोणी द्यायची हा प्रश्न मालक आणि कामगार यांच्यामध्ये कंत्राटदार आला की बिकट होतो. भारतात या दायित्वाचा पाया १९२३च्या कर्मकार भरपाई अधिनियमाने घातला, आणि २०१० पासून तो ‘कर्मचारी भरपाई अधिनियम’ या नावाने ओळखला गेला. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडला असेल, तर मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरपाई मिळते; मात्र त्यासाठी दावेदार कर्मचारी ठरावा लागतो.

ठरलेले काम आपल्या पद्धतीने आणि आपल्या जोखमीवर पुरे करून देणारा तो स्वतंत्र कंत्राटदार. त्याला स्वतःला हे संरक्षण नाही. तथापि करारात तसे लिहिले म्हणून कोणी कंत्राटदार होत नाही. धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात (१९५७) मिठागरांवर हंगामी काम करणारे, वजनावर मोबदला घेणारे आणि मदतीला स्वतःची माणसे लावणारे अगरिया सर्वोच्च न्यायालयाने कामगारच मानले, कारण वाफे तयार करण्यापासून मिठाची प्रत पाहण्यापर्यंत कंपनीची देखरेख होती. तो खटला औद्योगिक विवाद कायद्याखालचा असला, तरी त्यातली नियंत्रणाची कसोटी भरपाईच्या दाव्यांतही मार्गदर्शक ठरली. पुढे सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या निकालात (१९७३) नियंत्रण ही एकमेव कसोटी नव्हे, हे स्पष्ट झाले. शिलाईयंत्रे दुकानदाराची होती, याला तेथे वजन मिळाले.

अधिनियमातील सर्वांत मोलाची तरतूद कलम १२ची होती. मूळ मालकाने आपल्या धंद्याचाच नेहमीचा भाग असलेले काम कंत्राटाने दिले, तर कंत्राटदाराच्या कामगाराला तो स्वतःच्या कामगाराप्रमाणे भरपाई देण्यास बांधला जातो. दिलेली रक्कम त्याला कंत्राटदाराकडून वसूल करता येते. बिल्डरने गिलाव्याचे काम ठेकेदाराला दिले आणि गवंडी परांचीवरून पडला, तर बिल्डरला हात झटकता येत नाहीत. आपले राहते घर ठेकेदाराकडून रंगवून घेणारा गृहस्थ मात्र या कलमात येत नाही, कारण घर रंगवणे हा त्याचा धंदा नव्हे.

अपघाताची जागा मूळ मालकाने काम अंगावर घेतलेली, अथवा त्याच्या ताब्यातली वा व्यवस्थापनाखालची, किंवा तिच्या लगतची असावी, ही अट या संरक्षणाला फार आखडते. महाराष्ट्रातील ऊसतोडीत कारखान्यापासून वाहतूक कंत्राटदार आणि मुकादम यांच्यामार्फत उचल घेतलेल्या जोडप्यापर्यंत साखळी जाते. तोडणी हा कारखान्याच्या धंद्याचा भाग मानला, तरी फड शेतकऱ्याचा असल्याने वादाला जागा उरते, आणि त्या वादाचा भार सर्वांत दुबळ्या माणसावर पडतो.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये भरपाईच्या या तरतुदी समाविष्ट झाल्या आहेत. ॲपवरून काम घेणाऱ्या गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या तीत पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेर केली असून, त्यांच्यासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान देण्याची सोय आहे. परंतु अंशदानातून चालणारी योजना म्हणजे मालकाविरुद्ध मागता येणारा भरपाईचा हक्क नव्हे.