ग्वाल्हेर परिसरातील क्षयशोध

शिंद्यांच्या दरबाराने १८९९ मध्ये जयारोग्य रुग्णालय उघडले आणि १९४६ मध्ये, म्हणजे संस्थान विलीन होण्याच्या उंबरठ्यावर, गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मात्र या संस्थांची सारी रचना रोगी आपल्या पायांनी दारापर्यंत येईल या गृहीतकावर उभी होती. फुप्फुसाच्या क्षयाबाबत हे गृहीतक दुबळे ठरते, कारण खोकला आणि बारीक ताप लोक अंगावर काढतात आणि तोवर घरातल्यांना लागण झालेली असते.

यावर ब्राझीलमध्ये मानुएल द आब्रेऊ यांनी १९३६ मध्ये उपाय शोधला होता. छातीची क्ष-किरण प्रतिमा चमकत्या पडद्यावर घेऊन तिचे लहानशा फिल्मवर छायाचित्र टिपायचे, ही त्यांची पद्धत स्वस्त होती आणि यंत्र गाडीत बसवून गावोगाव नेता येत असे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात तिच्याच आधारे नमुना सर्वेक्षण केले, तेव्हा क्षय हा शहरांचा रोग असल्याचा समज मोडला. तरीही तुमकूर जिल्ह्यातील बॅनर्जी व अँडरसन यांच्या १९६३ च्या अभ्यासात निम्मे रुग्ण आपणहून दवाखान्यात जातात असे दिसले, आणि धोरण थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीकडे वळले. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही सरसकट क्ष-किरण तपासणी थांबवण्यास सांगितले. खर्चाचा हिशेब रास्त होता, पण उरलेल्या निम्म्यांचा विचार त्यात मागे पडला.

हे उरलेले कोण, याचे उत्तर ग्वाल्हेर, शिवपुरी आणि श्योपूरच्या सहरिया आदिवासींत सापडते. श्योपूरमधील सहरियांच्या पाहणीत जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्राला प्रौढांमध्ये लाखामागे १५१८ क्षयरोगी आढळले, तर २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशाचा आकडा ३१६ होता. त्याच सर्वेक्षणात क्ष-किरण तपासणी नसती, तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांना ठळक लक्षणेच नव्हती. त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयविरोधी मोहिमेत हाताने नेता येणारी क्ष-किरण यंत्रे वस्त्यांपर्यंत गेली, हे उशिरा सुचलेले शहाणपणच म्हणावे लागेल.

या भागात आणखी एक गुंता आहे. दगडखाणीत सिलिकेची धूळ श्वासातून आत जाऊन फुप्फुसाला व्रण पडतात, त्याला सिलिकोसिस म्हणतात. त्याची छाया क्षयासारखी दिसते आणि त्याच्या रुग्णाला क्षय जडण्याचा धोकाही अधिक असतो, म्हणून प्रतिमेसोबत व्यवसायाची विचारपूस न केल्यास रुग्णाला क्षयाची औषधे मिळत राहतात आणि खाणीतले काम चालूच राहते.