चालीचा पत्ता

जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं चाळली, तर पदाच्या डोक्यावर एक बारीक ओळ दिसते. राग, ताल आणि पुढे ‘चाल’ असं लिहून भलत्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. वाचताना आपण ती ओळ ओलांडून जातो. पण अर्धवट आठवणारी एखादी चाल शोधून चित्रपटात वापरायची असेल, तर खात्रीचा पत्ता बहुधा तिथेच मिळतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एका मैत्रिणीच्या लघुपटामुळे या ओळींकडे वळलो. तिची आजी स्वयंपाक करताना काहीतरी गुणगुणायची. आजी गेली, तिच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही, शब्दही कुणाला आठवत नाहीत. लघुपट आजीवरच होता आणि महोत्सवाला संगीताच्या हक्कांची कागदपत्रं हवी होती. ‘पारंपरिक’ लिहून टाकू, असं तिचं म्हणणं.

आधी मोबाइलवर प्रयत्न झाला. गाणं ओळखणारी शझॅमसारखी अ‍ॅप्स मुळात ठरावीक ध्वनिमुद्रणाचा ठसा ओळखतात. गुणगुणून शोधायची सोय चढउतारांचा आराखडा जुळवते. पण एकाच रागातल्या शेकडो चिजांमध्ये तेच स्वरसमूह पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे यंत्राला फार तर यमनच्या आसपास पोहोचता आलं. शेवटी पेठेतल्या एका वृद्ध पेटीवादकांनी दोन आवर्तनांत सांगितलं: ‘स्वयंवर’मधलं पद. पुस्तक उघडून ताडून पाहिलं, जुळलं.

इथून खरा इतिहास सुरू होतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हा चाली कीर्तनातून, कानडी गाण्यांतून, साकी-दिंडीतून आल्या होत्या. १९११च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली दिल्या. १९१६च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारी चिजांचा घाट दिला. बुवा फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकलेले. पुण्यात भारत गायन समाज उभा करणाऱ्या या गवयाने तीन घराण्यांची विद्या नाटकाच्या प्रेक्षकांपर्यंत नेली. चाल उसनी आहे हे कुणी लपवलं नाही. उलट ते छापलं.

आता कायदा. भारतात संगीतकृतीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९९२पूर्वी ही मुदत ५० होती. बखले १९२२मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या चाली कधीच मोकळ्या झाल्या. नाटककार खाडिलकर १९४८मध्ये गेले. त्यांचे शब्द २००८च्या अखेरीस मोकळे झाले. टेंबे गेले १९५५ साली. त्यांच्या चाली २०१५च्या अखेरीस. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा: प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. चाल मोकळी असली तरी कालपरवाची सीडी उचलून चित्रपटाला लावता येत नाही. ‘दहा सेकंद चालतात’ असा नियमही कायद्यात कुठेच नाही. म्हणून मैत्रिणीने एका विद्यार्थिनीकडून पद नव्याने गाऊन घेतलं आणि तिच्याशी लेखी करार केला, कारण १९९४च्या दुरुस्तीनंतर गाणाऱ्यालाही स्वतःचा हक्क आहे.

‘पारंपरिक’ हा शब्द फसवा आहे. पुण्यात प्रभातने १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला. त्यातला ‘आधी बीज एकले’ हा अभंग अनेकांनी तुकोबांचाच समजला, पण तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला होता. चालींचंही तसंच होतं. ‘कट्यार काळजात घुसली’ची पदं ऐकणाऱ्याला शंभर वर्षं जुनी वाटू शकतात, नाटक १९६७चं आहे आणि संगीतकार जितेंद्र अभिषेकी १९९८मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०५८च्या अखेरपर्यंत आहे.

उलट बाजूचा अन्याय जास्त जुना. १९९४च्या दुरुस्तीपूर्वी लिहून न काढलेलं संगीत कायद्याच्या व्याख्येत ‘संगीतकृती’च नव्हतं. मुखोद्गत चिजा सांभाळणाऱ्या खाँसाहेबांना त्या व्याख्येत जागा नव्हती. वाद अजून मिटलेला नाही. ‘पोन्नियिन सेल्वन २’मधल्या ‘वीरा राजा वीरा’ गाण्यात डागर बंधूंची ‘शिवस्तुती’ उचलल्याचा दावा वासिफुद्दीन डागर यांनी ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध केला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने एप्रिल २०२५मध्ये अंतरिम आदेश डागरांच्या बाजूने दिला; सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. अडलं कुठे, तर रचना नेमकी कुणी बांधली याच्या पुराव्यावर.

नाटकाच्या पुस्तकातली ओळही इथे तोकडी पडते. ती मूळ गाण्याचे शब्द सांगते, बांधणाऱ्याचं नाव सांगत नाही. तरीही कुठून आणलं हे सांगायची रीत तिच्यात आहे. आज श्रेयनामावलीत ‘पारंपरिक’ लिहिताना नाटक, साल, संगीतकार आणि मूळ चीज एवढं लिहायला दोन ओळी पुरतात. कायदा प्रत्येक वेळी ते मागत नाही. पण आपल्यानंतर तोच सूर शोधणाऱ्या कुणाला तरी तिथून सुरुवात करता येईल.