दोन कटिंगएवढं पाणी

आजोबांच्या पद्मिनीच्या डिकीत स्टेपनीशेजारी पाच लिटरचा पाण्याचा कॅन कायम असायचा. माणसांचं पाणी वेगळं, गाडीचं वेगळं. 2002 मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण सुरू होण्याआधी मुंबईहून पुण्याला येताना बोरघाटात गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, इंजिन निवेपर्यंत बसून राहायचं आणि मग पाणी घालायचं, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. एकदा आजोबांना तेवढा धीर धरवला नाही. त्यांनी गरम रेडिएटरचं झाकण फिरवलं. त्यांच्या मनगटावरचा तो डाग मी लहानपणापासून बघत आलो.

आजोबा गेले, गाडी माझ्याकडे आली. कॅनसकट. गाडी ठेवायची, पण कॅनची गरज संपवायची, असं मी ठरवलं. त्यासाठी आधी एक साधा प्रश्न सोडवायला हवा होता: हे पाणी जातं कुठे?

सुरुवातीच्या मोटारींत ते सरळ हवेत जायचं. ऑगस्ट 1888 मध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. शंभरहून जास्त किलोमीटर. मोटारीच्या इतिहासातला हा पहिला लांबचा प्रवास म्हणून सगळे सांगतात. पण त्या इंजिनात पाणी उकळून वाफ होऊनच इंजिन थंड राहायचं. म्हणजे वाटेत मिळेल तिथे पाणी भरत जाणं हा गाडी चालवण्याचाच भाग होता. पाण्याचा कॅन मोटारीइतकाच जुना आहे तो असा.

पुढची मोठी उडी 1900 च्या सुमाराची. विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. 8,070 बारीक चौकोनी नळ्या आणि फक्त 9 लिटर पाणी. आता पाणी उडून जात नव्हतं, फिरून फिरून तेच वापरलं जात होतं. नंतर आलं दाबाचं झाकण. तत्त्व आपल्या कुकरचंच. दाब वाढवला की पाणी उशिरा उकळतं. खंडाळ्याच्या उंचीवर उघड्या भांड्यात पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. झाकणाने वातावरणापेक्षा अर्धा बार जास्त दाब धरला, तर तेच पाणी 110 अंशांपर्यंतही उकळत नाही. आजोबांना नेमकं हेच भोवलं. झाकण सैल झालं, दाब गेला आणि आतल्या पाण्याची क्षणात वाफ झाली.

तरीही एक गळती उरलीच. पाणी तापलं की फुगतं. 25 अंशांवरून 95 अंशांवर गेलं तर साधारण साडेतीन टक्के. पाच लिटरचे जवळपास 180 मिलिलिटर जास्त होतात. दोन कटिंग चहाएवढे. जुन्या व्यवस्थेत हे जास्तीचं पाणी झाकणाखालच्या नळीतून थेट रस्त्यावर पडायचं आणि इंजिन निवलं की त्याच नळीतून हवा आत शिरायची. रेडिएटर काठोकाठ भरला की दर वेळी दोन कटिंग रस्त्याला आणि तेवढीच हवा इंजिनाला. हवेबरोबर गंजही आला.

पाणी फुकट होतं तोवर हे चाललं. पण रेडिएटरमध्ये ग्लायकोलवालं कूलंट आलं आणि सांडणं परवडेनासं झालं. कूलंट महाग, शिवाय विषारी. चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. 1961 च्या रेनो 4 मध्ये बाहेर पडणारं पाणी धरून ठेवायला एक वेगळी बाटली होती. पुढे असली बाटली बहुतेक सगळ्या गाड्यांत आली.

आमच्या गाडीत ती नव्हती. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट 1100. 1089 सीसीचं इंजिन. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्यात बनवली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून ती घराघरांत पोचली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवलेली. वीस वर्षं भरल्यावर 2023 मध्ये तीही बंद झाली.

जुन्या बाजारातून मारुती 800 ची बाटली आणली, रेडिएटरशेजारी क्लॅम्पने बसवली, झाकणाखालच्या नळीला रबरी पाइप जोडून त्याचं तोंड बाटलीच्या तळाशी नेलं. निम्मी बाटली कूलंट भरलं. सिंहगड रोडवर चक्कर मारून आलो. बाटलीतली पातळी वर आली होती. बफर ओव्हरफ्लोचा प्रश्न सुटला, असं म्हणून झोपलो.

सकाळी बघतो तर बाटली तशीच भरलेली आणि रेडिएटर वरून रिकामा. कूलंट बाहेर आलं होतं, परत गेलंच नव्हतं.

गॅरेजवाल्या काकांनी झाकण हातात घेतलं आणि हसले. "पाइप बरोबर आहे रे. झाकण जुनं आहे."

नव्या पद्धतीच्या झाकणाला दोन रबरी वायसर असतात. खालचा दाब धरतो. वरचा रेडिएटरच्या तोंडाला चिकटून बाहेरची हवा अडवतो. निवताना कूलंट आकसतं, आत ओढ तयार होते, झाकणाच्या मधली छोटी झडप उघडते आणि बाटलीतलं कूलंट परत खेचलं जातं. आमच्या झाकणाला वरचा वायसरच नव्हता. कूलंट खेचण्यापेक्षा वरून हवा घेणं सोपं, म्हणून इंजिनाने हवा घेतली. बाटली सगळ्यांना दिसते, पण खरं काम त्या रबराच्या कड्याचं आहे. काकांनी तोंडाच्या मापाचं, तेवढ्याच दाबाचं, दोन वायसरांचं झाकण शोधून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा खुणेवर आली होती.

मागच्या महिन्यात आजीला घेऊन जुन्या रस्त्याने घाट चढलो. पूर्वी गाडी थांबायची त्या वळणावर आजी म्हणाली, "घे बाजूला." गाडी तापलेली नाही, असं मी म्हणालो.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

आम्ही दहा मिनिटं थांबलो. कॅन अजून डिकीतच आहे.