दुधाने निवळलेले पंच

दूध नासले की घरात हळहळ होते. परंतु दूध मुद्दाम नासवूनच ज्याला निर्मळता येते, असे एक पेय इंग्रजांच्या मेजावर दोन शतके मानाने मिरवले. ‘मिल्क पंच’ हे त्याचे नाव. नाव परके वाटले, तरी त्याची पाळेमुळे आपल्या किनाऱ्यावर आहेत.

कंपनीच्या चाकरीतील रॉबर्ट ॲडम्स याच्या १६३२ सालच्या पत्रात ‘पंच’ हा शब्द आढळतो. १६३८ साली, म्हणजे बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले त्याच वर्षी, मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाला सुरतेच्या इंग्रजांत हे पेय दिसले. पुढे १६७२ ते १६८१ या काळात हिंडलेल्या डॉक्टर फ्रायरने त्याचा उलगडा केला. गोव्याजवळच्या नेरूळचे अरक उत्तम. त्यापासून इंग्रज पाच जिनसांचे पेय करतात, आणि हिंदुस्थानी भाषेतील ‘पाच’ वरून त्याचे नाव पडले, असे तो सांगतो. काही पंडित हा शब्द पिंपाच्या एका इंग्रजी नावाशी जोडतात. तथापि पंचामृत ज्यांच्या देव्हाऱ्यात असते, त्यांना फ्रायरची व्युत्पत्ती सहज पटावी.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी या पंचात दूध आले. बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ साली एका मित्राला कळवलेली कृती उपलब्ध आहे. ४४ लिंबांच्या पातळ साली ब्रँडीत २४ तास भिजवायच्या. गाळून त्यात पाणी, लिंबाचा रस, साखर आणि चार जायफळांची पूड घालायची. मग उकळते दूध ओतून दोन तास ठेवायचे आणि पिशवीतून स्वच्छ गाळायचे. श्रीखंडासाठी दही टांगतात, तेव्हा चक्का ठेवून पाणी सोडतात. येथे नेमके उलट : चोथा टाकायचा आणि निथळ ठेवायची.

यामागचे कारण सोपे आहे. लिंबाच्या आंबटपणाने दुधातील केसीन हे प्रथिन गोठते. गोठताना ते मद्यातील तुरट आणि रंगीत द्रव्ये आपल्याकडे ओढून घेते. खाली उरते ते सौम्य, पारदर्शक आणि बाटलीत दीर्घकाळ टिकणारे पेय. त्या टिकाऊपणानेच त्याचा व्यापार वाढला. १८३८ साली व्हिक्टोरिया राणीच्या दरबाराने मिल्क पंच पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला सनद दिली. १८६२ साली न्यूयॉर्कच्या जेरी टॉमसने आपल्या ग्रंथात त्याची कृती छापली. त्यानंतर सोडा आणि व्हिस्कीच्या सुटसुटीत पेल्यापुढे हा खटाटोप मागे पडला.

आज बेंगळूरच्या मद्यगृहांतून दूध पुन्हा नासवले जात आहे. १८०९ साली इंग्रजी छावणी वसलेल्या या शहरात ते पाश्चात्त्य नवलाई म्हणून येते. मात्र अरक या नावाने खपणाऱ्या देशी दारूची विक्री कर्नाटकाने २००७ साली बंद केली. ज्या नावाच्या मद्यातून पंच जन्मले, ते नाव तेथील दुकानांतून गेले; पंच मात्र समुद्र ओलांडून, परकीय वेषात परत आले. आपल्या वस्तूला आपणच पाहुणी समजावे, असा हा प्रवास आहे.